प्लास्टिकचे डबे, बाटल्या, पिशव्या आणि टाक्या : अन्नपाण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमधील मराठी कुटुंबांकडून प्लास्टिकविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. शक्य तेथे प्रश्न वाचकांच्याच शब्दांत ठेवले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एकच मुद्दा दोन ठिकाणी येत असेल तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्लास्टिकच्या डब्यात अन्न ठेवणे मुळातच घातक आहे का?

तसे सरसकट म्हणता येत नाही. प्लास्टिक म्हणजे लांब साखळ्यांचे मोठे रेणू, आणि हे रेणू स्वतः अन्नात सहसा उतरत नाहीत. उतरतात ते त्यांच्यासोबत असलेले छोटे रेणू: साखळीत न जोडलेला कच्चा माल, लवचिकपणासाठी घातलेली द्रव्ये, रंग आणि टिकाऊपणासाठी मिसळलेली रसायने. ती किती उतरतील हे चार गोष्टींवर ठरते. अन्न किती गरम आहे, ते तेलकट किंवा आंबट आहे का, ते डब्यात किती वेळ राहते आणि डबा किती झिजलेला आहे. कोरडे पोहे वर्षभर चांगल्या डब्यात राहिले तरी चिंतेचे कारण नाही, पण उकळती कढी पातळ पिशवीत अर्धा तास राहिली तर आहे. पुढची बहुतेक उत्तरे या चार गोष्टींवरच आधारलेली आहेत, म्हणून एवढे एक उत्तर तरी सर्वांनी वाचावे अशी आमची मनापासून विनंती आहे.

२. डब्याच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ आकडे असतात. कोणता आकडा सुरक्षित?

हे आकडे सुरक्षिततेचे गुण नाहीत. अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ मध्ये पुनर्वापरासाठी प्लास्टिकची वर्गवारी सोपी व्हावी म्हणून ते सुरू केले. प्लास्टिक कोणत्या जातीचे आहे एवढेच आकडा सांगतो, तरीही जात कळली की बरेच काही कळते.

१ म्हणजे पेट. पाण्याच्या आणि शीतपेयांच्या पारदर्शक बाटल्या याच्या असतात. थंड पाण्यासाठी तो ठीक आहे, पण सुमारे ७० अंश सेल्सियसला मऊ पडू लागतो, म्हणून गरम पदार्थांसाठी नाही. २ म्हणजे जाड, दुधी रंगाचे घनदाट पॉलीएथिलीन, आणि ४ म्हणजे त्याचाच मऊ, पातळ प्रकार, ज्याच्या पिशव्या होतात. ५ म्हणजे पॉलीप्रोपिलीन. स्वयंपाकघरातील बहुतेक चांगले डबे याचे असतात. ते सुमारे १६० अंशांपर्यंत वितळत नाही, त्यामुळे या यादीत उष्णता सर्वांत चांगली सहन करते.

सावधगिरी ३, ६ आणि ७ यांच्या बाबतीत हवी. ३ म्हणजे पीव्हीसी. मऊ पीव्हीसीमध्ये थॅलेट वर्गाची, लवचिकपणा आणणारी द्रव्ये घातलेली असू शकतात आणि ती तेलात सहज विरघळतात. ६ म्हणजे पॉलीस्टायरीन, ज्याचा फुगवलेला प्रकार आपण थर्मोकोल म्हणून ओळखतो. त्याच्या मूळ घटकाला, स्टायरीनला, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातले. ७ म्हणजे ‘इतर सर्व’. यात पॉलीकार्बोनेटही येते आणि त्याहून निराळी, नवी प्लास्टिकेही येतात, त्यामुळे ७ वरून निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी प्रश्न ४ पाहावा.

३. डब्यावर ‘फूड ग्रेड’ लिहिलेले असले की पुरे का?

नुसते शब्द पुरे नाहीत. भारतात अन्नाच्या पॅकिंगसाठी भारतीय अन्न सुरक्षा आणि मानक प्राधिकरणाचे २०१८ चे नियम लागू आहेत. त्यांनुसार प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या सर्व द्रव्यांची एकूण मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम आहे आणि डोळ्यांना दिसेल इतका रंग अन्नात उतरणे मान्य नाही. कोणते प्लास्टिक अन्नासाठी चालेल हे भारतीय मानके ठरवतात, जसे पॉलीएथिलीनसाठी आयएस १०१४६ आणि पॉलीप्रोपिलीनसाठी आयएस १०९१०. डब्यावर किंवा वेष्टनावर उत्पादकाचे नाव, प्लास्टिकची जात आणि मानकाचा क्रमांक असेल तर विश्वास ठेवायला आधार मिळतो. तोलून विकले जाणारे, गडद किंवा काळ्या रंगाचे, घासलेटासारखा वास येणारे डबे आणि पाण्याचे मग अन्नपाण्यासाठी घेऊ नयेत, कारण त्यांत कोणते जुने प्लास्टिक वितळवले आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. हीच गोष्ट काळ्या पिशव्यांची. मोठ्या शहरातल्या बाजारातही त्या मिळतात म्हणून त्या अन्नायोग्य ठरत नाहीत.

४. बीपीए म्हणजे काय आणि त्याची एवढी चर्चा का होते?

बीपीए म्हणजे बिस्फेनॉल ए. पॉलीकार्बोनेट हे कडक, काचेसारखे पारदर्शक प्लास्टिक बनवायला ते लागते आणि पत्र्याच्या डब्यांच्या आतल्या इपॉक्सी लेपातही ते वापरले जाते. या रेणूची ठेवण स्त्री-संप्रेरक इस्ट्रोजेनशी जुळणारी असल्यामुळे शरीरातील संप्रेरकांच्या कामात तो ढवळाढवळ करू शकतो. गर्भातील आणि तान्ह्या बाळांची वाढ संप्रेरकांच्या इशाऱ्यांवर चालते, म्हणून काळजी सर्वांत आधी त्यांचीच घेतली गेली. युरोपीय संघाने २०११ मध्ये आणि अमेरिकेने २०१२ मध्ये बाळांच्या बाटल्यांतून बीपीए बाहेर काढले.

त्यानंतरचा मतभेद वाचकांनी समजून घ्यावा, कारण वर्तमानपत्रांत त्याची एकच बाजू छापली जाते. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये बीपीएची रोजची सुसह्य मर्यादा दर किलो वजनामागे ०.२ नॅनोग्रॅम इतकी खाली आणली. आधीच्या मर्यादेपेक्षा ती वीस हजार पटींनी कमी होती. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने याच पुराव्यावरून त्याहून हजार पट सैल मर्यादा सुचवली, आणि अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने, अन्नात सध्या आढळणाऱ्या प्रमाणात बीपीए सुरक्षित आहे, ही आपली जुनी भूमिका सोडली नाही. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये अन्नाच्या संपर्कातील वस्तूंमध्ये बीपीएवर बंदी घालणारा नियम केला आणि बदलासाठी उद्योगांना मुदत दिली. धोका नेमक्या किती प्रमाणापासून सुरू होतो यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. दिशा मात्र स्पष्ट आहे. जी गोष्ट टाळायला कष्ट पडत नाहीत ती टाळावी, आणि घरात गरोदर स्त्री किंवा लहान मूल असेल तर अवश्य टाळावी.

५. मग ‘बीपीए फ्री’ लिहिलेली बाटली घेतली तर प्रश्न मिटतो का?

अर्धाच मिटतो. बऱ्याच वस्तूंत बीपीएच्या जागी बीपीएस किंवा बीपीएफ ही त्याचीच भावंडे वापरली गेली आणि प्रयोगशाळेत त्यांचा परिणामही संप्रेरकांवर आढळला आहे. पॉलीप्रोपिलीन, पॉलीएथिलीन आणि पेट यांत बिस्फेनॉल मुळातच लागत नाही, म्हणून त्यांच्यावर ‘बीपीए फ्री’ लिहिणे खोटे नसले तरी त्यातून ग्राहकाला नवे काही कळत नाही. हे शब्द वाचून जास्त पैसे मोजण्याऐवजी तळाचा आकडा पाहणे उपयोगाचे आहे.

६. सकाळी पोहे, संध्याकाळी चहा आणि हॉटेलची कढी-भाजी पन्नीत (प्लास्टिकच्या पातळ पिशवीत) बांधून आणतो. त्याने काय होते?

या पानावरील सर्व सवयींपैकी आधी सोडण्याजोगी सवय कोणती, असे विचारले तर आम्ही हीच सांगू. वाफाळता चहा साधारण ८० ते ९० अंशांचा असतो. पातळ पिशवीचे मऊ पॉलीएथिलीन ११० अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे चहा तिला वितळण्याच्या बराच जवळ नेऊन ठेवतो. कढी, रस्सा आणि सांबार यांत उष्णतेबरोबर तेल आणि आंबटपणाही असतो. त्यात पिशवी इतकी पातळ आणि पसरट असते की थोड्याशा पदार्थाला प्लास्टिकचा खूप मोठा पृष्ठभाग भिडतो. प्रश्न १ मधील बहुतेक गोष्टी येथे एकाच वेळी प्रतिकूल होतात, आणि पिशवी पुनर्वापरित प्लास्टिकची असण्याची शक्यताही असते. ३१ डिसेंबर २०२२ पासून देशात १२० मायक्रॉनपेक्षा पातळ हातपिशव्यांवर बंदी आहे. तो नियम कचऱ्यासाठी आहे, त्यामुळे जाड पिशवी म्हणजे गरम अन्नासाठी योग्य पिशवी असा अर्थ काढू नये.

उपाय घरातच आहे. छप्पन किंवा सराफा या खाऊच्या बाजारांत जाताना दोन कडीचे स्टीलचे डबे आणि चहासाठी एक थर्मास सोबत न्यावा. डबा पुढे केल्यावर नकार देणारा दुकानदार क्वचितच भेटतो. डबा विसरलाच तर पदार्थ घरी आल्याबरोबर स्टीलच्या भांड्यात काढावा, आणि पिशवीसकट तो कधीही गरम पाण्यात ठेवू नये. पोहे आणि जिलबीच्या बाबतीत आणखी एक सांगावेसे वाटते. पन्नी नको म्हणून वर्तमानपत्रात बांधून घेणे हा पर्याय नाही. छपाईची शाई गरम तेलकट पदार्थात उतरते आणि प्रश्न ३ मध्ये सांगितलेल्या २०१८ च्या नियमांनी अन्न वर्तमानपत्रात बांधण्यास किंवा ठेवण्यास मनाई आहे.

७. प्लास्टिकऐवजी कागदी कप घेतला तर?

कागदी कपाच्या आत पाणी झिरपू नये म्हणून प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की ८५ ते ९० अंशांचे १०० मिलिलिटर पाणी अशा कपात पंधरा मिनिटे ठेवले तर प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण पाण्यात उतरतात. प्रवासात एखादा कप चालेल, पण कचेरीत रोज चार-पाच वेळा चहा घेणाऱ्याने टेबलावर स्वतःचा चिनी मातीचा कप ठेवावा. कुल्हड किंवा काचेचा ग्लास मिळत असेल तर तोच घ्यावा.

८. ‘मायक्रोवेव्ह सेफ’ डब्यात जेवण गरम करता येते ना?

या शब्दांचा अर्थ डबा वितळणार नाही किंवा वाकडा होणार नाही एवढाच आहे. त्यातून अन्नात काहीच उतरणार नाही, असा त्याचा अर्थ नाही. शिवाय मायक्रोवेव्हमध्ये तेलाचा तवंग आणि साखरेचा पाक यांचे तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही वर जाऊ शकते, त्यामुळे पुरणपोळीवरचे तूप किंवा तर्रीदार उसळ जेथे डब्याला चिकटते तेथेच तो आधी खराब होतो. गरम करताना काचेचे किंवा चिनी मातीचे भांडे वापरावे आणि वर प्लास्टिकच्या पातळ आवरणाऐवजी ताटली झाकावी. मेलामाइनच्या थाळ्या व वाट्या मायक्रोवेव्हमध्ये अजिबात ठेवू नयेत. उष्णता आणि आंबटपणा एकत्र आले की त्यांतून मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड सुटू शकते.

९. बाळाची दुधाची बाटली प्लास्टिकची आहे. उकळल्याने ती सुरक्षित होते की जास्त वाईट?

हा प्रश्न नव्या आईवडिलांकडून येतो आणि त्यांची चिंता खरी आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो. भारतीय मानकांनुसार दूध पाजण्याच्या बाटल्यांत पॉलीकार्बोनेट चालत नाही, त्यामुळे आता मिळणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या बहुतेक पॉलीप्रोपिलीनच्या असतात आणि बीपीएचा प्रश्न तेथे उरत नाही. जुनी, मोठ्या भावंडासाठी घेतलेली बाटली मात्र पुन्हा वापरू नये.

राहतो तो सूक्ष्म कणांचा प्रश्न. डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयातील संशोधकांनी २०२० मध्ये पॉलीप्रोपिलीनच्या बाटल्या तपासल्या. बाळाचे दूध ज्या रीतीने तयार केले जाते त्या रीतीत लिटरमागे १.६ कोटींपर्यंत कण त्यांना आढळले. पाण्याचे तापमान २५ अंशांवरून ९५ अंशांवर नेले तर कणांची संख्या सहा लाखांवरून साडेपाच कोटींवर गेली. या कणांचा बाळावर काय परिणाम होतो हे अजून सिद्ध झालेले नाही. कमी करणे सोपे आहे, आणि तेवढे करावे.

येथे एक चूक होऊ शकते, ती टाळण्यासाठी हे लक्षपूर्वक वाचावे. कणांच्या भीतीने उकळणे सोडून देऊ नये. पावडरचे दूध किमान ७० अंशांच्या पाण्यात कालवावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण पावडरीत असू शकणारे जंतू त्याखालच्या तापमानाला मरत नाहीत, आणि जंतूंचा धोका तान्ह्या बाळासाठी तातडीचा आहे. म्हणून बाटली नेहमीप्रमाणे उकळून निर्जंतुक करावी आणि तिला गार होऊ द्यावे. मग वेगळ्या उकळलेल्या पाण्याने, जे प्लास्टिकच्या भांड्यात तापवलेले नसेल, ती दोन-तीन वेळा खळबळून घ्यावी. दूध स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात कालवावे, कोमट झाल्यावरच बाटलीत ओतावे आणि बाटलीत घालून ते जोराने हलवू नये. काचेची बाटली किंवा वाटी-चमचा वापरता आला तर उत्तमच. पहिल्या सहा महिन्यांत अंगावरचे दूध शक्य असेल तेथे हा प्रश्नच येत नाही.

१०. पाण्याची विकतची बाटली पुन्हा पुन्हा भरून वापरतो. गाडीत ती उन्हात तापली तर पाणी विषारी होते का?

विषारी होते हे म्हणणे अतिशयोक्तीचे आहे. पेट बनवताना अँटिमनीचे संयुग वापरले जाते आणि उष्णतेने त्याचा थोडा अंश पाण्यात उतरतो. पिण्याच्या पाण्यातील अँटिमनीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २० मायक्रोग्रॅम आहे आणि नेहमीच्या तापमानाला साठवलेले बाटलीबंद पाणी तिच्या पुष्कळ खाली असते. मात्र पाणी ६० अंशांच्या वर दीर्घकाळ राहिले तर हे प्रमाण वेगाने वाढते. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि बंद मोटारीत तापमान बाहेरच्यापेक्षा खूप वर जाते, म्हणून तेथे दिवसेंदिवस पडून राहिलेली बाटली झाडांना ओतावी. एका दुपारी तापलेले पाणी प्यायले म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

पुन्हा भरण्यातला मोठा धोका रसायनांचा नाही, तो जंतूंचा आहे. अशा बाटलीचे तोंड अरुंद असते, ब्रश आत जात नाही, ओरखड्यांत जंतूंचा चिकट थर बसतो आणि गरम पाण्याने धुवावे तर ती आक्रसते. मुलांना शाळेसाठी रुंद तोंडाची स्टीलची बाटली द्यावी आणि झाकणातली रबरी चकती रोज काढून धुवावी.

११. घरी वीस लिटरचा पाण्याचा जार येतो. तो कशाचा असतो?

कडक, निळसर आणि पारदर्शक जार अनेकदा पॉलीकार्बोनेटचा असतो, म्हणजे तळाशी ७ आकडा सापडेल. पेटचे जारही मिळतात. गार पाण्यात पॉलीकार्बोनेटमधून फार थोडे बीपीए उतरते, पण जार जुना, ओरखडलेला, उन्हातल्या रिक्षातून आलेला आणि कॉस्टिक सोड्याने धुतलेला असेल तर प्रमाण वाढते. पुरवठादाराकडून धुरकट किंवा तडे गेलेला जार स्वीकारू नये. सील आणि मानक चिन्ह नसलेल्या जारमधले पाणी कोठून भरले आहे हा प्रश्न प्लास्टिकच्या जातीपेक्षा मोठा आहे.

१२. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, म्हणून टाकी आणि ड्रम भरून ठेवावेच लागतात. उन्हात तापणारी गच्चीवरची टाकी कितपत सुरक्षित आहे?

खरगोन जिल्ह्यातील जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटरवरून उचलून आणलेले हे पाणी साठवल्याशिवाय शहरातल्या पुष्कळ घरांना पर्याय नाही, त्यामुळे ‘साठवू नका’ हा सल्ला येथे निरुपयोगी आहे. चांगली टाकी घनदाट पॉलीएथिलीनची असते आणि तिच्यात बिस्फेनॉल किंवा थॅलेट लागत नाही. खरेदी करताना आयएस १२७०१ हा मानक क्रमांक टाकीवर उठवलेला आहे का ते पाहावे. काळा रंग नुसता दिखाऊ नसतो. त्यातली काजळी अतिनील किरणे शोषून प्लास्टिकला ठिसूळ होण्यापासून वाचवते आणि आत प्रकाश न गेल्याने शेवाळ धरत नाही. काळी टाकी तापते हे खरे, म्हणून वर सावलीचा पत्रा किंवा हिरवी जाळी टाकावी. आतून पांढरा थर असलेली बहुपदरी टाकी असेल तर तिच्यातला गाळ सहज दिसतो.

टाकीतल्या पाण्याचा खरा प्रश्न क्लोरीनचा आहे. नळाच्या पाण्यात जंतूंना रोखण्यासाठी थोडे क्लोरीन शिल्लक ठेवलेले असते. पाणी तापले आणि दोन-तीन दिवस साठले की ते उडून जाते, आणि मग गाळ व जंतूंना मोकळे रान मिळते. म्हणून टाकी किमान सहा महिन्यांतून एकदा आतून घासून धुवावी, झाकण घट्ट असावे आणि पिण्याचे पाणी टाकीतून न घेता थेट नळाचे वेगळे भरावे. झाकण उघडे राहिले तर डेंगीचे डास याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतात, हेही विसरू नये.

ड्रमबद्दल मात्र आम्ही ठाम आहोत. बाजारात स्वस्तात मिळणारे निळे ड्रम चांगल्या प्लास्टिकचे असले तरी त्यांत आधी काय भरले होते हे कळत नाही. रसायन प्लास्टिकमध्ये मुरते आणि कितीही धुतले तरी हळूहळू बाहेर येत राहते. असा ड्रम बागेला किंवा बांधकामाला वापरावा. पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्याला तो कधीही लावू नये.

१३. लोणचे, तूप आणि चटणी प्लास्टिकच्या बरणीत ठेवली तर चालते का?

लोणच्यात तेल, आंबटपणा आणि वर्षभराचा काळ असे तिन्ही असतात, म्हणून त्याची जागा काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत आहे. तूप विकत आणले तेव्हा प्लास्टिकच्या डब्यात आले असले तरी घरी आल्यावर स्टीलमध्ये काढावे, आणि कढवलेले गरम तूप तर प्लास्टिकमध्ये ओतूच नये. शेंगदाण्याची कोरडी चटणी आठवडाभर चालेल. आमरस आणि श्रीखंड फ्रिजमध्ये थंड असतात, त्यामुळे पॉलीप्रोपिलीनच्या डब्यात दोन-चार दिवस ठेवायला हरकत नाही.

१४. डबा हळदीने पिवळा झाला, हिंगाचा वास जात नाही. तो टाकून द्यावा का?

हळदीचा रंग तेलात विरघळून प्लास्टिकमध्ये शिरतो आणि हिंगाच्या वासाचेही तसेच होते. हा डाग विषारी नाही आणि उन्हात ठेवल्यावर बराचसा जातो. मात्र त्यातून एक गोष्ट प्रत्यक्ष दिसते. जे प्लास्टिक तेलातून रंग आत घेते तेच आपल्यातील काही द्रव्ये तेलाला देऊही शकते. डागाळलेला डबा कोरड्या वस्तूंसाठी ठेवावा. चिकटपणा, पांढरट धूसरपणा, तडे किंवा खोल ओरखडे दिसले की मात्र तो अन्नासाठी निवृत्त करावा. तारेच्या घासणीने प्लास्टिक कधीच घासू नये.

१५. प्लास्टिक फ्रीझरमध्ये ठेवले की डायॉक्सिन सुटते असा निरोप मोबाइलवर येतो. खरे आहे का?

नाही. थंडीने द्रव्यांचे उतरणे मंदावते. डायॉक्सिन ही जळण्यातून तयार होणारी संयुगे आहेत, विशेषतः क्लोरीन असलेले पीव्हीसी जाळल्यावर. म्हणून भीती फ्रीझरची नको, अंगणात किंवा बंबाखाली प्लास्टिक जाळण्याची हवी. पाणी गोठताना फुगते, त्यामुळे पूर्ण भरलेली बाटली फ्रीझरमध्ये तडकते, तेवढी काळजी घ्यावी.

१६. मायक्रोप्लास्टिक रक्तात सापडले असे वाचले. मग या सगळ्या काळजीला काय अर्थ?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पिण्याच्या पाण्यातील सूक्ष्म कणांचा आढावा घेतला आणि उपलब्ध पुराव्यावरून आरोग्याला धोका असल्याचे म्हणता येत नाही, पण अधिक संशोधन हवे, असे सांगितले. त्यानंतर मोजण्याची साधने सुधारली. २०२४ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना बाटलीबंद पाण्यात लिटरमागे सरासरी सुमारे २,४०,००० कण आढळले. त्यांतील बहुतेक नॅनो आकाराचे होते, आणि पूर्वीच्या पद्धतींना ते दिसतच नव्हते. त्याच वर्षी इटलीतील एका अभ्यासात मानेच्या धमनीतल्या चरबीच्या थरात प्लास्टिकचे कण असलेल्या रुग्णांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचे प्रमाण जास्त दिसले. तो अभ्यास दोन गोष्टी एकत्र आढळल्याचे सांगतो. एकीमुळे दुसरी घडली हे त्यातून सिद्ध होत नाही. कण हवेतून आणि धुळीतूनही येतात, त्यामुळे शून्यावर पोचणे कोणाच्याच हाती नाही. गरम पदार्थ आणि प्लास्टिक यांची गाठ तोडणे मात्र प्रत्येक घराच्या हाती आहे, आणि प्रश्न ९ मधील आकडे त्याने किती फरक पडतो ते दाखवतात.

१७. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे आणि मिठाईचे रिकामे डबे डाळी-पिठासाठी वापरता येतात का?

होय, कोरड्या वस्तूंसाठी. डाळ, साखर, रवा, शेव यांना त्यांच्यापासून धोका नाही. हे डबे थंड पदार्थासाठी आणि एकदाच वापरण्याच्या हिशेबाने बनवलेले असतात, म्हणून त्यांत उरलेली गरम आमटी भरू नये. पाहुण्यांना गरम खीर बांधून देतानाही हेच लक्षात ठेवावे.

१८. सगळे स्टील आणि तांब्यात ठेवले तर काहीच धोका नाही ना?

स्टील आणि काच यांच्याबद्दल निश्चिंत राहावे. तांब्याचे तसे नाही. पाणी रात्रभर तांब्यात ठेवायला हरकत नाही, पण लिंबू-सरबत, ताक, चिंचेचे पाणी किंवा शिकंजी तांब्या-पितळेच्या कल्हई नसलेल्या भांड्यात ठेवली तर धातू विरघळतो आणि मळमळ, उलट्या होऊ शकतात. पाण्यातील तांब्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे. ॲल्युमिनियमच्या कागदात लिंबू पिळलेली भाजी गुंडाळणेही टाळावे. शाळेच्या ‘स्टीलच्या’ डब्याला आणि पोळ्यांच्या हॉटपॉटला आतून प्लास्टिक आहे का, हे एकदा उघडून पाहावे. आतून स्टील असलेलाच घ्यावा.

१९. आरओच्या यंत्राची टाकीही प्लास्टिकची असते. मग शुद्ध केलेले पाणी पुन्हा बिघडते का?

पाणी गार असते आणि दिवसभरात बदलत राहते, त्यामुळे प्लास्टिकमुळे ते बिघडत नाही. मात्र शुद्ध झालेल्या पाण्यात क्लोरीन उरत नसल्याने टाकी वेळेवर साफ न केल्यास तिच्यात जंतू वाढतात. गावाला जाऊन आल्यावर साठलेले सर्व पाणी ओतून द्यावे.

२०. इतकी वर्षे प्लास्टिक वापरले. शरीरात किती साठले आहे याची तपासणी करून घ्यावी का?

बीपीए आणि थॅलेट शरीरात चरबीसारखे वर्षानुवर्षे साठून राहत नाहीत. पोटात गेलेले बीपीए यकृतात बदलून लघवीवाटे बहुतांशी चोवीस तासांत बाहेर पडते. लघवीच्या एका तपासणीतून आदल्या दिवशी काय खाल्ले-प्यायले एवढेच कळते, गेल्या वीस वर्षांचे काही कळत नाही, आणि आलेल्या आकड्यावर डॉक्टर कोणताही उपचार देऊ शकत नाहीत. म्हणून अशा तपासणीवर पैसे खर्च करू नयेत. शरीर ‘डिटॉक्स’ करण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काढ्यांवर आणि गोळ्यांवर तर नाहीच. गरम जेवण पिशवीत आणणे आजपासून बंद केले, तर त्यातून येणाऱ्या या द्रव्यांचे प्रमाण काही दिवसांतच खाली येते. गर्भधारणेचा विचार करणाऱ्या किंवा थायरॉइडसारखा संप्रेरकांचा आजार असणाऱ्या व्यक्तींनी आपल्या डॉक्टरांना घरातील सवयी सांगाव्यात आणि पुढचा सल्ला त्यांच्याकडूनच घ्यावा.